प्रॉम्प्टरची मुलगी जेवते

प्रत्येक नाटक कंपनीत एक माणूस असं असतं, की ज्याच्याकडे कुणी पाहत नाही आणि जे सगळ्यांकडे पाहत असतं. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. रंगमंचाच्या डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर संहिता, हातात कागद गुंडाळून मंद केलेली टॉर्च. नट वाक्य विसरला, की पुढचे दोन शब्द कुजबुजायचे. ते नटाला ऐकू गेले पाहिजेत आणि पहिल्या रांगेला जाता कामा नयेत. काम एवढंच.

आपल्या गोष्टीतली बाई हे काम इतकं चांगलं करायची, की त्याचे दुष्परिणाम दिसू लागले होते. नट विसरण्याची वाट ती पाहतच नसे. विसरण्याआधी माणसाच्या अंगात जी काही तयारी चालू होते, ती तिला तोंडपाठ होती. नायिका विसरायच्या बेतात आली, की बोटातली अंगठी फिरवायची. खलनायक उगाचच हसायचा. आणि आबांच्या टाचा उचलल्या जायच्या. आबा म्हणजे कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ नट, तिकिटं त्यांच्या नावावर खपत. प्रेक्षकांना त्यांचा चेहरा दिसे, बुटक्या स्टुलावरून हिला त्यांचे पाय दिसत. टाचा एवढ्याशा उचलल्या, की हिचे दोन शब्द निघालेच.

परिणाम असा झाला, की नटांनी पाठांतर हळूहळू सोडून दिलं. आबांना तर कुठल्या दारातून यायचं, एवढंच लक्षात ठेवावं लागे. वर्तमानपत्रातले समीक्षक त्यांच्या ओघवत्या शैलीबद्दल लिहीत. ओघ डाव्या विंगेतून येत होता, पण समीक्षकांना कंपनी उजवीकडच्या खुर्च्या देत असे.

तिची चूक एकदाच झाली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. नाटकाच्या शेवटच्या अंकात मुलगा बापाला विचारतो, "तुम्ही माझ्यासाठी केलंत तरी काय?" आणि बाप, म्हणजे आबा, बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "मी दार उघडं ठेवलं होतं." हिला वाटलं विसरले. तिनं "मी दार" एवढं पुरवलं आणि पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. आबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा पाणी पिता पिता म्हणाले, "बाई, गप्प राहणं हाही संवाद असतो. तो माझा होता. तुम्ही खाल्लात."

तेव्हापासून ती टाचा बघायला लागली. पॉज असला तर टाचा जमिनीवर. विसर असला तर वर. त्यानंतर तिनं कुणाचा पॉज खाल्ला नाही. निदान थिएटरात तरी.

घरी तिची मुलगी होती. तिला सगळे ढब्बू म्हणत. हे नाव तिच्या गालांकडे बघून बापानं ठेवलं होतं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून बिल्डिंगमध्ये त्याला लिफ्टवाला म्हणत, आणि गोष्टीपुरतं आपणही म्हणू. ढब्बू तीन वर्षांची व्हायला आली होती आणि बिल्डिंगमधल्या कुणीही तिला रडताना ऐकलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांची आई एकदा केवळ बघायला म्हणून येऊन गेली, जशी माणसं विकायला काढलेलं घर बघून जातात. सोफ्यावर बसलेल्या ढब्बूकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हिचं बटण कुठे आहे?"

बटण प्रॉम्प्टरकडे होतं. ढब्बूनं कान चोळला म्हणजे झोप. ओठावरून जीभ फिरवली म्हणजे तहान. अंगठा मुठीत दाबला म्हणजे भूक, आणि अंगठा पुरता आत जायच्या आधी चमचा तोंडाशी हजर असे. जेवण सगळं मिक्सरमधून गेलेलं असायचं. भात, गाजर, बटाटा, अंडं, जे असेल त्याचा एकच रंग. कारण तोंडात गोळा आला की ढब्बू थांबायची, आणि कुणी थांबलेलं प्रॉम्प्टरला बघवत नसे. मधल्या वेळेला दुधाची बाटली होतीच. ढब्बूनं तोंड उघडायचं, एवढाच तिचा या व्यवहारातला वाटा. शब्द एकही नव्हता. शब्द लागणार कशाला?

यामागे कारण होतं, आणि ते प्रॉम्प्टरनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती मोठ्या कुटुंबातली शेंडेफळ. आई सूतगिरणीत पाळीवर जायची. घरी आली की कुणीतरी काहीतरी मागत असायचं आणि त्याला "थांब" असं उत्तर मिळायचं. उपाशी कुणी राहिलं नाही, आपली पाळी आली की ताट मिळायचं. पण मागून वाट बघत उभं राहायचं, आणि समोरच्या माणसाची पाठच दिसत राहायची, हे तिच्या पोटात कुठेतरी बसलं होतं. आपल्या मुलीवर मागायची वेळ येऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. ते तिनं करून दाखवलं होतं.

सासूबाईंची पद्धत अगदी वेगळी. त्या पूर्वी एका मोठ्या वसतिगृहाच्या भोजनगृहावर देखरेखीला होत्या. घंटा झाली की बसायचं, ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचं, मग उठायचं. आपले चारही मुलगे त्यांनी याच घंटेवर वाढवले होते. त्यांतला एक लिफ्टवाला. चाळिशी उलटलेल्या या माणसाला आजवर आपलं पोट कधी भरतं हे माहीत नव्हतं, ताट कधी रिकामं होतं एवढंच कळायचं. लग्नसमारंभात त्याला कुणी वाढायला विसरलं तर तो अर्ध्यात उठायचा, आणि कुणी आठवणीनं वाढत राहिलं तर त्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. सासूबाई सगळ्यांना अभिमानानं सांगत, "माझ्या मुलांनी शीतसुद्धा टाकलं नाही कधी." लिफ्टवाला हे ऐकताना पट्ट्याचं पुढचं भोक शोधत असे.

म्हणजे घरात दोन विचारसरणी होत्या. एकीत भुकेच्या आधी जेवण, दुसरीत घंटेच्या नंतर. ढब्बूला भूक लागते का, हा प्रश्न दोन्हींत बसत नव्हता.

तो बालवाडीच्या बाईंनी विचारला. प्रवेशासाठी सगळे गेले होते. बाईंनी ढब्बूला नाव विचारलं, ते प्रॉम्प्टरनं सांगितलं. रंग विचारला, तोही प्रॉम्प्टरनं सांगितला, दोनच अक्षरं, कुजबुजून. मग बाईंनी विचारलं, की भूक लागली की ही काय करते?

"तिला भूक लागतच नाही," प्रॉम्प्टर म्हणाली. चेहऱ्यावर समाधान होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. अगदी सौम्यपणे त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे वीस मुलं असतात. पाणी हवं, बाहेर जायचंय, पोट दुखतंय, एवढं तरी मुलाला कसंही सांगता आलं पाहिजे. नाहीतर ते मूल दिवसभर गप्प बसून राहील आणि आम्हाला कळणारही नाही. आधी एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर उंच होत्या आणि त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत लाकडी काड्या होत्या, मुलांची जीभ दाबून घसा बघायच्या. त्यांनी ढब्बूच्या मागे जाऊन किल्ल्या वाजवल्या, ढब्बूनं मान वळवली. "लाल ठोकळा दे," म्हणाल्या, तिनं दिला. मग चित्रातलं मांजर दाखवून विचारलं, हे काय आहे? "मांजर," प्रॉम्प्टर म्हणाली. कुत्रा दाखवला. प्रॉम्प्टरला तोही येत होता. डॉक्टरांनी बरणी उघडली, एक काडी काढली, आणि ढब्बूच्या नव्हे, आईच्या हातात दिली.

"ही दातांत धरा. मी सांगेपर्यंत काढू नका."

घोड्याच्या वेळी खोलीत शांतता होती. ढब्बूनं घोड्याकडे पाहिलं, मग आईकडे. तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवून ती बसून राहिली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की कान चांगले आहेत, समजतंय सगळं. पापणी ओढून पाहिली तर रक्त कमी वाटतंय (ते पुढे तपासात खरंच कमी निघालं). दुधानं पोट भरतं, मग बाकीच्याला जागा राहत नाही. वजन हवं त्यापेक्षा जास्त, आणि तोंडाला काम असं काही नाही, चावायचं नाही की बोलायचं नाही. बाटली बंद करा. मऊ पण तुकड्या-तुकड्यांचं द्या, तिच्या हातानं खाऊ द्या, सांडू द्या. पाय खाली टेकतील अशा खुर्चीत बसवा, लोंबकळत्या पायांनी कुणालाच नीट चावता येत नाही. आणि भूक लागू द्या.

"उपाशी ठेवू?" काडी काढून प्रॉम्प्टरनं विचारलं.

"उपाशी ठेवू नका. भूक लागू द्या. जेवायच्या वेळा ठेवा, समोर वाढा, आणि सारखं तिच्या तोंडाकडे बघत बसू नका. आपलं ताट बघा."

न बोलण्याचं कारण हेच आहे का, यावर मात्र डॉक्टर म्हणाल्या की ते आज सांगता येणार नाही. दुसरंही काही असू शकेल. महिन्यानं या. तोवर ती कशालाही 'दे' किंवा 'नको' म्हणाली नाही, तर मोठ्या इस्पितळात पाठवू, तिथे सगळ्या तपासण्या करतील.

घरी आल्यावर जिन्यात प्रॉम्प्टर लिफ्टवाल्याला म्हणाली, "माझ्यामुळेच झालं असू दे."

"असं काय म्हणतेस?"

"माझ्यामुळे असलं तर मला ते उलटं करता येईल. तिच्यातच काही असलं, तर मी काय करू?"

लिफ्टवाल्याला यंत्रांचं कळायचं. त्यानं ढब्बूला कडेवर घेतलं आणि तो जिने चढायला लागला. बिल्डिंगमधली लिफ्ट बंद होती. ती दुरुस्त करायला त्याला वेळ मिळत नसे.

बातमी पसरली आणि जो तो सल्ला घेऊन आला. मुलाची तब्येत चांगली असली, की तिचं श्रेय घरभर वाटून घेतलं जातं. आजीचा हात, बापाचं हाड, आत्याचा रंग. तक्रार निघाली, की ती अख्खीच्या अख्खी आईच्या पदरात पडते, तिथे वाटेकरी नसतात. जुळ्यांची आई येऊन म्हणाली, की तिला आधीपासून वाटतच होतं. सासूबाई म्हणाल्या, घंटा लावली असती तर ही वेळ आली नसती. नाटकाची नोकरी म्हणजे मुलाची आबाळच, असं खालच्या मजल्यावर ठरलं. हा आरोप चमत्कारिक होता, कारण पोरीची आबाळ कधी झालीच नाही, ही तर डॉक्टरांची तक्रार होती.

लिफ्टवाल्यानं खुर्चीचं काम अंगावर घेतलं. ढब्बूची खुर्ची उंच होती, तिचे पाय त्यानं करवतीनं कापले. एक पाय किंचित जास्त कापला गेला, म्हणून इतर तीन कापले, मग त्यांतला एक जास्त झाला. ज्या माणसाच्या भरवशावर लोक दहा मजले वर जातात, त्यानं संध्याकाळपर्यंत खुर्ची इतकी बुटकी केली, की शेवटी टेबलाचेही पाय कापावे लागले. मोठी माणसं गुडघे कानाशी घेऊन जेवायला लागली. पण ढब्बूचे पाय जमिनीला टेकले.

बाकीचं काही जमेना. प्रॉम्प्टरनं डॉक्टरांचं म्हणणं संहितेसारखं पाळलं, शब्दाला शब्द. दुपारच्या जेवणाला ती ढब्बूसमोर बशी ठेवायची, मग दोन्ही हात मांडीखाली दाबून आपल्या ताटाकडे बघत बसायची, पुतळ्यासारखी. हात मांडीखालून सुटायला बघत. ढब्बू आईकडे बघायची. तोंड उघडायची. बराच वेळ उघडं ठेवायची. मग मिटायची. बटाट्याच्या फोडीला बोट लावायची आणि पुन्हा आईकडे बघायची. आई ताटाकडे. ढब्बू रडली असती तर बरं झालं असतं, पण रडणं तिच्या सवयीचं नव्हतं. ती नुसती बघत राहायची, आणि थोड्या वेळानं मान खाली घालून बोटं मोजल्यासारखी हाताळत बसायची. जेवण तसंच परत जायचं.

तरी वजन कमी होईना, याचं घरात आश्चर्य व्यक्त झालं. एक दिवस चादर बदलताना सासूबाईंच्या उशीखाली दुधाची बाटली सापडली.

"माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांसाठी घेते."

"बाटलीनं?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"तुला काय करायचंय? तुला चार वर्षांपर्यंत भरवलंय मी, कुठे बोलायचा अडलास?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मला नाही बघवत रे. ती मागत नाही, नुसती बघते."

प्रॉम्प्टरनं बाटली उचलली आणि मोरीत धुतली. सासूबाईंवर रागवायला तिच्याकडे तोंड नव्हतं. तिलाही तेच बघवत नव्हतं.

महिना संपत आला. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. शनिवारी दुपारचा प्रयोग होता.

दुसऱ्या अंकात आबा चहाचा कप उचलतात आणि सुनेला एक साधं वाक्य बोलतात. साधीच वाक्यं दगा देतात. कप उचलला गेला आणि डाव्या विंगेतून प्रॉम्प्टरनं पाहिलं, टाचा वर. हा पॉज नव्हता, विसर होता, त्यात शंका नव्हती. वाक्य तिच्या समोर होतं, टॉर्चच्या उजेडात. आणि तिच्या तोंडातून शब्द निघेना. महिनाभर रोज दुपारी याच वेळेला ती हात मांडीखाली दाबून, ओठ मिटून बसत होती. शरीराला काय कळतं, ही दुपार घरची की थिएटरातली? तिनं आबांकडे नुसतं पाहिलं. आबांनी विंगेकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

ही नजर तिनं कालच दुपारी पाहिली होती. बशीपलीकडून.

मग आबांनी कप खाली ठेवला आणि एक वाक्य बोलले. ते दुसऱ्याच नाटकातलं होतं, फार जुन्या. सुनेचं काम करणारी बाई त्या नाटकातही होती, तिनं न गडबडता तिथलंच उत्तर दिलं. दोघांनी त्या जुन्या नाटकाचा अर्धा प्रवेश करून टाकला. मुलाचं काम करणारा नट त्या काळी जन्मलाही नव्हता, तो कोपऱ्यात उभा राहून खिडकीचे गज तपासत होता. मग आबा स्वतःच चालत चालत मूळ रस्त्याला लागले. टाचा खाली आल्या. शेवटच्या अंकात लोक नेहमीच्या जागी रडले. एका समीक्षकानं पुढे लिहिलं, की आबांनी या भूमिकेला एक नवा पदर जोडला आहे.

प्रयोग संपल्यावर ती मेकअप रूमच्या दारात जाऊन उभी राहिली. माफी कशी मागायची, हे तिनं येता येता जुळवलं होतं, पण आबा आरशासमोर बसून मिशी काढत होते आणि अशा वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

"बाई," मिशी निघाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही जागेवर होतात ना?"

"होते, आबा."

"दिसलात मला. माझ्याकडेच बघत होतात."

"हो."

"मग ठीक आहे. स्टूल रिकामं दिसलं असतं, तर मी तिथेच बसकण मारली असती." त्यांनी मिशी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. "पुन्हा मात्र असं करू नका. माझं काही आता वाढायचं वय नाही."

घरी जाताना प्रॉम्प्टर बसची वाट बघत उभी होती, आणि बस आली तरी उभीच राहिली. महिनाभर आपण काय केलं, हे तिला त्या थांब्यावर दिसत होतं. ती गप्प बसली होती, पण नुसती गप्प बसली नव्हती. ती स्टुलावरून उठून गेली होती. पोरगी विंगेकडे बघत होती आणि विंगेत कुणी नव्हतं, ताटाकडे बघणारं एक डोकं होतं. लहानपणी आपल्याला पाठ दिसायची, हिला भांग दिसत होता. फरक काय पडला? पूर्वी ती मुलीचं सगळं बोलणं आपणच बोलून टाकत होती, आता तिनं मुलीला एकटं सोडलं होतं. यांच्या मधे एक जागा होती. त्या जागेवर बसायचं काम तर ती इतकी वर्षं करत होती.

रविवारी दुपारी सगळे बुटक्या टेबलाशी बसले. प्रॉम्प्टरनं उकडलेल्या बटाट्याच्या आणि गाजराच्या फोडी, थोडा भात आणि अंड्याचे तुकडे ढब्बूच्या बशीत ठेवले, तेच स्वतःच्याही ताटात वाढले, आणि आपली खुर्ची वळवून ढब्बूच्या समोर घेतली. सासूबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्टवाल्यानं त्यांच्या हातावर एक चिकट टॉफी ठेवली.

"जेवणाआधी?"

"खा गं आई. गुडघ्यांना चांगली असते."

सासूबाईंना टॉफी आवडायची आणि त्यांची कवळी नवी होती. तो बंदोबस्त झाला.

ढब्बूनं आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आईनंही तिच्याकडे पाहिलं. मग बटाट्याची एक फोड उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि तिच्याकडे बघत, सावकाश, चावायला लागली. ढब्बूला हे नवीन होतं. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. आई तिथेच होती, चावत होती, डोळ्यांनी हसत होती, आणि चमचा येत नव्हता.

प्रॉम्प्टरनं टेबलाखाली नजर टाकली. ढब्बूच्या टाचा जमिनीवर होत्या. दोन्ही. सपाट. हे पोर काही विसरलं नव्हतं. उचललेल्या होत्या त्या प्रॉम्प्टरच्या स्वतःच्या टाचा, शर्यतीला उभ्या असल्यासारख्या, आणि बहुधा तीन वर्षं तशाच होत्या. तिनं त्या टेकवल्या. गुडघे दुखले.

ढब्बूनं गाजराची फोड उचलली, दाबली, चाटली आणि जमिनीवर टाकली. कुणी उचलली नाही. दुसरी उचलली, तिचंही तेच झालं. मग बटाटा घेतला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडात घातला. गालाला फुगवटा आला आणि ती थांबली. लिफ्टवाल्याचा घास हातात राहिला. सासूबाईंच्या तोंडातून टॉफीपलीकडून काहीतरी आवाज आला. थुंकणार की गिळणार, ठसका लागणार की काय, हे सगळं प्रॉम्प्टरच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तिचे हात पुढे निघाले, पण टेबलाच्या कडेला थांबले. टाचा खाली होत्या. पॉज होता. तिचा होता.

ढब्बूचा जबडा हलला. एकदा. मग पुन्हा.

ती बराच वेळ जेवली. तिच्या पोटात जेवढं गेलं, त्याहून जास्त कपड्यांवर गेलं. अंड्याचा एक तुकडा तिनं बापाच्या चपलेत ठेवला. शेवटी बशीत दोन फोडी आणि थोडा भात उरला आणि ती टेकून बसली. आणि इतका वेळ ताब्यात ठेवलेला प्रॉम्प्टरचा हात, सवय वाईट, एक फोड उचलून पुढे गेलाच.

ढब्बूनं बशीवर आपला तळवा ठेवला.

"नको," ती म्हणाली.

आवाज थोडा घोगरा होता, बरेच दिवस न उघडलेली खिडकी उघडावी तसा. पण शब्द स्वच्छ होता आणि तो कुणीही पुरवलेला नव्हता.

प्रॉम्प्टरनं फोड परत बशीत ठेवली. "बरं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. आतून बराच वेळ नळ वाहिल्याचा आवाज येत राहिला.

सासूबाईंनी टॉफीचा उरलेला भाग गिळला. "पहिला शब्द, आणि तोही नको," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात हा शब्द नव्हता कधी."

"नव्हता खरा," लिफ्टवाला म्हणाला. त्याचा हात बशीतला उरलेला भात संपवायला निघाला होता. मधेच तो थांबला, त्यानं पोटावर हात ठेवून बघितलं, काही कळतंय का म्हणून. नीटसं कळलं नाही. पण भात त्यानं राहू दिला.

सोमवारी डॉक्टरांनी वजन घेतलं, पापणी पाहिली, रक्ताच्या औषधाची मुदत वाढवली आणि एक शब्द म्हणजे सगळं झालं असं समजू नका, अजून बरंच बघायचं आहे, असं बजावलं. मग ड्रॉवरमधून एक बिस्किट काढून ढब्बूसमोर धरलं आणि विचारलं, हवंय का?

ढब्बूनं बिस्किटाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. प्रॉम्प्टरनं कुणी सांगायच्या आधी बरणीतली एक काडी घेतली होती आणि ती दातांत धरून बसली होती, ढब्बूकडे तोंड करून. वेळ जात होता. बाहेर पुढचा पेशंट रडत होता. डॉक्टर पुढे झुकल्या, ढब्बूला थोडी मदत करावी म्हणून, आणि त्यांनी तोंड उघडलं.

प्रॉम्प्टरनं बोट वर केलं, थांबा म्हणून.

डॉक्टर थांबल्या.

"दे," ढब्बू म्हणाली. बिस्किट घेतलं, अर्धं खाल्लं, आणि उरलेलं, ओलं, डॉक्टरांच्या हातात परत दिलं.